एका वाक्यात वहिनी

"कुणी रंगवला बे हा मेंढा?"

दादा बांधावरून ओरडत होता. माझ्या थोरल्या भावाचा आवाज असा, की तो आमच्या रानात ओरडला की दोन कोसांवरच्या युसूफ वडगावच्या बाजारात माणसं आपापल्या पिशव्या छातीशी धरतात. "कुणाचे हात शिवशिवत होते? पुस तो रंग. पाव्हणी यायच्या आत पुस. मेंढा विकून मोकळा झालास व्हय रं?"

रंगवला मीच होता. पोळ्याला बैलांच्या शिंगांना लावून उरलेला हिंगूळ डब्यात वाळून खडा झाला होता. तो तेलात खलला आणि कळपातल्या सगळ्यात देखण्या मेंढ्याच्या पाठीवर चांगला रुंद पट्टा ओढला. पुण्याहून मोठी बाई येणार, आपलं जनावर जरा उठून दिसावं, एवढाच विचार. पण बाजारात ज्या मेंढराच्या पाठीवर रंग, ते व्यापाऱ्याचं झालं. ते गाडीत चढतं आणि पुन्हा कुणाला दिसत नाही. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. धनगराच्या घरात जन्मलो, हे मी दुधाबरोबर शिकलो असणार. पण पुढं गिरणीवाला झालो ना. पिठानं माणसाच्या डोळ्यांवर साय धरते.

मग रॉकेलचा बोळा घेऊन मी पट्टा पुसायला लागलो, तसा तो लाल रंग सगळ्या लोकरीत पसरला आणि मेंढा गुलाबी झाला. पांढरी गाडी बांधाला येऊन उभी राहिली तेव्हा हा गुलाबी मेंढा नवरीच्या करवलीसारखा सगळ्यांच्या पुढं, आणि त्याच्या मागं मी, दोन्ही हात कोपरापर्यंत गुलाबी. पुस्तकांच्या दलालाशी माझी पहिली भेट अशी झाली.

त्याला वर्ष झालं. यंदाही पौष आलाय. ज्वारीची कणसं चिकानं भरलीत, सकाळी पिकाच्या ताटांतून चालत गेलं की दवानं धोतर गुडघ्यापर्यंत ओलं होतं आणि पाखरं हाकायला बांधलेले डबे वाऱ्यावर आपले आपणच वाजत राहतात. हुरड्याचे दिवस म्हणजे आमच्याकडचे वर्षातले तेवढेच दिवस, जेव्हा रानात जायला काम लागत नाही. खड्डा उकरायचा, गोवऱ्या पेटवायच्या, धुरानं डोळे चुरचुरले की समजायचं आगटी लागली. निखारा झाला की त्यात कणसं खुपसायची. भाजलेलं कणीस तळहातावर चोळायचं, फुंकर मारायची, फोलपटं उडून जातात आणि हातात राहतो तो हिरवा, मऊ, वाफाळता दाणा. संगती लसणाची चटणी, गुळाचा खडा, बोरं. आमच्या रानातली गूळभेंडी ज्वारी इतकी गोड, की बांधावरच्या मुंग्यांना साखरेचा आजार झाला आणि त्या कडुलिंबाखाली राहायला गेल्या. हे मी प्रत्येक पाहुण्याला सांगतो. पाहुणे हसतात आणि आणखी एक कणीस मागतात.

मी असा कावून बोलतो, म्हणजे असा का बोलतो, हे मंगल, माझी बायको, लग्न झाल्यापासून विचारतेय. मी सांगतो, गिरणीमुळं. चालू गिरणीत साधं बोललेलं ऐकू जात नाही. दळण घेऊन आलेल्या बाईला 'काल पाऊस झाला' म्हणून सांगितलं तर ती कानामागं हात धरते. 'काल असा पाऊस झाला की आमची म्हैस पोहत पोहत माहेरी गेली' म्हणून सांगितलं, तर गिरणीच्या पट्ट्याच्या फडफडाटातूनही तिला ऐकू जातं. शिवाय ती दुसऱ्या दिवशी म्हैस आली का विचारायला येते, येताना पायली दोन पायली ज्वारी घेऊनच येते. थाप ही आमच्या धंद्याची गरज आहे.

आमचं घर मुळात मेंढरांचं. वडिलांच्या माघारी वाटणी झाली तेव्हा कळप दादाकडं गेला, कोरडवाहू रान आणि गिरणी माझ्याकडं आली. भांडण काही झालं नाही. मेंढरं माझ्या मागं येत नसत आणि पट्टा दादाला चढत नसे. दिवाळी झाली की दादा आणि कौसा वहिनी कळप घेऊन गोदाकाठाला निघायचे. वाटेतले शेतकरी लेंड्यांच्या खतासाठी आपल्या रानात मेंढरं बसवून घ्यायचे. मृगाच्या तोंडावर ती दोघं परत यायची. घरी असायची ते पावसाळ्यापुरती, पाहुण्यासारखी.

लोकांना मेंढपाळाचं चालणं उलटं दिसतं. लोक कळप बघतात, काठी बघतात, दादाचा लाल पटका बघतात. कळप काय, चरत जातो. खरं जातं ते घर, आणि ते नेते बाई. सकाळी दादानं मेंढरं काढली की वहिनी कापडाचं पाल उतरवायची. भांडी, पिठाचं पोतं, पाय बांधलेल्या कोंबड्या, काल जन्मलेली कोकरं, मेंढरं कोंडायचं जाळं, सगळं घोडीच्या पाठीवर चढवून ती पुढच्या गावच्या रानात घेऊन जायची. संध्याकाळी दादा तिथं पोचायचा तर चूल पेटलेली, जाळं ताणलेलं, कोंबड्या मोकळ्या. रोज नव्या गावात त्याला जुनंच घर सापडायचं. काल जिथं घर होतं तिथं चुलीचे काळे दगड उरायचे, तेही पुढच्या नांगरटीत जायचे.

वहिनीचं माहेर शिरूर कासारचं. तिकडं दसरा झाला की तिचे भाऊ-भावजया कोयते घेऊन ऊसतोडीला जायचे आणि गल्लीभर कुलपं राहायची. ती म्हणायची, "आमाला दारं कशाला करत्यात ते सुतारालाच ठाव. माहेरी कुलूप, सासरी तर दारच न्हाई."

एकदा वाडा, म्हणजे मेंढरांचा तळ, धर्मापुरीजवळ पडला होता. मी पीठ पोचवायला गेलतो. वहिनीनं मला देवळाकडं नेलं आणि भिंतीवरच्या दगडी बायका बघत ती किती वेळ उभी राहिली. ऊन्ह कललं होतं, दगड तापलेला होता. तिनं एकीच्या पायावर हात ठेवला आणि म्हणाली, "बापू, ह्या बऱ्या हायेत. एका जागी हायेत. कुणी म्हनत न्हाई, चल."

मला गप्प बसवतं का? मी लगेच सुरू झालो, की या बायका अमावास्येला भिंतीवरून उतरतात, तळ्यावर धुणी धुतात, बाजार करतात आणि उजाडायच्या आत परत भिंतीत जाऊन उभ्या राहतात.

वहिनीनं सगळं ऐकून घेतलं. "आन् एखादीची जागा चुकली तर?" तिनं विचारलं.

तिचं असंच होतं. माझ्या थापांना ती हसायची नाही आणि खोटंही पाडायची नाही. थापेतल्या जीवाची काळजी करायची. आमच्या घोडीनं केजच्या कचेरीत मान हलवून तलाठ्याला सातबारा चुकला म्हणून दाखवलं, ही माझी गाजलेली गोष्ट. सगळा गाव पोट धरून हसला. वहिनी म्हणाली, "एवढ्या उन्हाचं केजला नेलंस, तिला पाणी दावलंस का?" तेव्हापासून ती गोष्ट सांगताना मी घोडीला हौदावर नेऊन पाणी पाजतो आणि मगच कचेरीत शिरतो. खोटं बोलतानासुद्धा त्या बाईनं मला मुक्या जनावराकडं बघायला लावलं.

गेल्याच्या गेल्या साली, फाल्गुनात, ती वाटेत गेली. गोदाकाठच्या एका परक्या रानात. तिथंच अग्नी दिला. रानाचा मालक भला माणूस, लाकूड त्यानंच काढून दिलं. दुसऱ्या दिवशी वाडा हलला, कारण सुतक माणसाला असतं, मेंढराला नसतं. रान खाऊन झालं की त्याला पुढं जावं लागतं. दादानं पाल उतरवलं, घोडीवर लादलं. त्याला गाठी मारता येईनात. पहिल्या ओढ्यातच सगळं सामान घसरून पाण्यात पडलं आणि घोडी मागं वळून उभी राहिली. ती कुणाची वाट बघत होती ते मला कुणी सांगायची गरज नव्हती.

पुढं त्या मालकाला कालव्याचं पाणी मिळालं आणि त्यानं तिथं ऊस लावला. मी मुद्दाम बघायला गेलतो. डोक्याच्या वर ऊस. मी बांधावरून अंदाजानं हात जोडले. कुठल्या सरीला जोडले ते मलाही सांगता येणार नाही. यंदा तो तोडणीला आला असेल. कुणाच्या तरी टोळीचा कोयता त्यातून फिरत असेल, कदाचित तिच्याच भावाचा, त्याला काय कल्पना. वहिनीला मूलबाळ नव्हतं. फोटो आहे तो आधार कार्डावरचा, त्यात ती पोलिसांनी धरून आणलेल्या माणसासारखी दिसते. एवढी बाई आयुष्यभर जागा मांडत गेली आणि तिला म्हणून हात लावून दाखवावी अशी हातभर जागा नाही. मला तिच्यासाठी अशी एक जागा पाहिजे होती, जी कुणी नांगरणार नाही. म्हणून पुस्तक. आणि तेही दुकानात खऱ्या पुस्तकांची फळी असते, तिच्यावर. थापांच्या फळीवर ठेवायला मी होतोच की.

ते पुस्तक माझ्याकडं चालत कसं आलं, तेही त्या घोडीमुळंच. कुणीतरी गिरणीत माझी तलाठ्याची गोष्ट फोनवर भरून घेतली. ती या फोनवरून त्या फोनवर चरत चरत पुण्याला पोचली आणि रेवती मॅडमना सापडली. त्या लिटररी एजंट, म्हणजे लिहिणाऱ्याचं पुस्तक घेऊन प्रकाशकांच्या दारात जाणाऱ्या. त्यांचा फोन आला तेव्हा दळण चालू होतं. त्या म्हणाल्या, "खऱ्या गोष्टीचं एखादं पुस्तक डोक्यात आहे का? नॉन-फिक्शन?" मी ओरडलो, "हाय." त्या म्हणाल्या, "कशावर आहे, ते मला एका वाक्यात सांगा."

एका वाक्यात. मी माणूस असा, की 'चहा घेतो' हे सांगायला मला म्हशीच्या आजीपासून सुरुवात करावी लागते. पण त्या दिवशी काय झालं कोण जाणे. मी उठलो, गिरणी बंद केली. पट्टा थांबत थांबत थांबला. त्या शांततेत, रांगेतल्या बायकांदेखत, माझ्या तोंडून साध्या आवाजात निघून गेलं, "एक बाई रोज घर मोडते आणि रोज घर मांडते."

पलीकडं कागद चाळल्याचा आवाज आला. मग आलं, "मी येते. हुरड्याचे दिवस आहेत ना?"

दादाला एजंट समजावून सांगणं हा एक वेगळा ग्रंथ होईल.

"म्हंजे दलाल?" तो म्हणाला.

"तसंच. पर पुस्तकाचा."

"मंग बोटं कशाखाली धरायची?"

आमच्या जनावरांच्या बाजारात दलाल उपरणं पसरतो, त्याखाली एकमेकांची बोटं दाबून भाव ठरतो. तोंडानं कुणी बोलत नाही.

"बाई हाय ती. उपरणं नगं," मी म्हणालो. "फोनवर ठरतंय."

दादा विचारात पडला. "आन् माल कुठाय?"

"डोक्यात."

"मंग ती दात कशे बघनार?"

पण एवढं त्याला कळलं होतं, की हे कौसाचं पुस्तक आहे. मॅडम येणार त्या दिवशी त्यानं पटका धुऊन घेतला, दाढी करून आला. वहिनी गेल्यापासून तो गोदाकाठाला जात नव्हता, आसपासच्या रानांतच मेंढरं बसवत होता. घर पुढं नेणारं माणूसच नव्हतं. संध्याकाळी तो आमच्याकडं जेवायला यायचा आणि जेवून झालं की ताट स्वतः घासून पालथं घालायचा, मंगलनं किती नको म्हटलं तरी. तो माणूस त्या सकाळी आगटीशी नव्या घोंगडीवर ताठ बसला होता, बाजारात मालाशेजारी बसतात तसा.

मॅडम चांगल्या होत्या. पोत्यावर मांडी घालून बसल्या, धुराला नाक मुरडलं नाही, कणीस चोळताना पहिल्यांदा हात भाजला तर हसल्या. मेंढा गुलाबी का म्हणून विचारलं. मी सांगितलं, त्याला गेल्या साली लग्नात जेवायला नेलं होतं, तेव्हापासून तो लाजतोय. मग मुंग्या झाल्या. मग वहिनीची भाकरी झाली, जिच्या सावलीत चैत्रात तीन गावच्या पंचायती बसल्या. मग घोडी झाली, हौदावरच्या पाण्यासकट. मॅडम डोळे पुसत होत्या. मंगलनं त्यांच्या हातावर चटणी ठेवत मला हळूच डोळ्यांनी दटावलं. आगटीचा जाळ, कोवळं ऊन्ह, मागं मेंढरांची खसखस. मला वाटलं, वहिनी, तुझी जागा झालीच म्हणून समज.

"मॅडम," दादा म्हणाला. पाहुणी आल्यापासून त्याचा हा पहिला शब्द. "येवहार व्हायच्या आदी खोड सांगतो. आमच्यात तशी रीत हाय."

हे बाहेरच्याला सांगावं लागतं. आमच्यात जनावर विकताना त्याची खोड मालकानं स्वतः सांगायची. मारका बैल मारका म्हणून सांगायचा, पान्हा चोरणारी म्हैस तशी सांगायची. न सांगता विकलं तर ते पाप आपल्या दावणीला येतं, असं मानतात. आणि ज्यानं खोड सांगितली त्याच्या मालावर गिऱ्हाईक डोळे झाकून हात ठेवतं. दादानं त्यावर कितीतरी दिवस विचार केला असणार. भावाचा सौदा व्हावा म्हणून त्याच्या हातात होतं ते त्यानं काढलं.

"हा माझा भाऊ," तो म्हणाला. "लई थापा मारतो. ल्हानपणापासनं. दहात एक खरं निगालं तर निगालं." मग त्याला वाटलं असावं, मालाचं फारच वाईट बोलणं झालं. "बाकी जनावर गरीब हाय. लाथ मारत न्हाई. खायला कमी हाय. आवाज तेवडा मोठा."

मॅडमना हसू आवरेना. मंगलनं पदर तोंडात कोंबला. मीही हसलो, मी तर सगळ्यात मोठ्यानं हसलो. दादानं समाधानानं कणसं परतली. त्याच्या हिशेबानं सौदा पक्का झाला होता.

मग हसू ओसरलं आणि मॅडमच्या चेहऱ्यावर काहीतरी बदललेलं मला दिसलं. त्यांचा मला राग नाही. त्यांचा धंदा खऱ्याचा होता. माझ्या मालाची मुख्य खोड नेमकी तीच निघाली, याला त्या तरी काय करणार.

"बापूसाहेब," त्या म्हणाल्या, "वहिनींचं तुम्ही मला फोनवर सांगितलंत, ते?"

"ते खरं हाय."

"मग त्या कशा गेल्या, ते सांगा."

मी सांगितलं. कधी नव्हे ते लहान आवाजात. ताप होता, तिनं अंगावर काढला. जवळच्या गावात डॉक्टरला दाखवलं, गोळ्या आणल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी दादा पालाच्या सावलीत तिच्या उशाशी बसला होता आणि मी, दोन दिवसांसाठी म्हणून गेलेला, त्याच रानात मेंढरं वळत होतो. काढलेल्या हरभऱ्याचं रान. गळालेले घाटे भुईवर पसरलेले. हरभऱ्याच्या रानात मेंढरू घातलं की आभाळ पडलं तरी ते मान वर करत नाही. आणि ती चरायची थांबली. सगळी. माना वर, तोंडं पालाकडं. कोकरूसुद्धा आवाज करेना. मी काठी आपटली, हाळी दिली, एक जागचं हललं नाही. वारा पडल्यावर झाडं राहतात तशी राहिली. मग पालातून दादानं मला हाक मारली. तोवर ती गेली होती.

एवढंच. यात मी काही वाढवलं नव्हतं. वाढवता आलं असतं. मेंढरांच्या डोळ्यांत पाणी आणता आलं असतं, त्यांना गुडघे टेकायला लावता आलं असतं, घोडीला हंबरडा फोडायला लावणं तर माझ्या डाव्या हातचा मळ. मी एक केस वाढवला नाही.

मॅडमनी हातातलं कणीस खाली ठेवलं. "फार चांगलं आहे," त्या म्हणाल्या. आणि मग हळू, स्वतःशीच म्हटल्यासारखं, "जरा जास्तच चांगलं आहे."

त्या दादाकडं वळल्या. "दादा, तुम्ही तिथंच होतात ना? मेंढरं अशी उभी राहिली होती का?"

दादाच्या हातात कणसं परतायची काडी होती. तो राखेकडं बघत राहिला. मंगल त्याच्याकडं बघत होती, मी त्याच्याकडं बघत होतो.

"कणसं करपायलेत," तो म्हणाला. ती त्यानं काढली, सुपात टाकली, आणि उठून मेंढरांकडं निघून गेला.

मॅडमना मंगलनं हुरडा बांधून दिला. गाडी धूळ उडवत गेली. गुलाबी मेंढा तिच्या मागं बांधापर्यंत धावला आणि परत आला.

काही आठवड्यांनी त्यांचा फोन आला. मी पुन्हा गिरणी बंद केली, त्या बोलायच्या आधीच. त्या फार मायेनं बोलल्या. म्हणाल्या, प्रकाशक विचारणारच, याला आधार काय. तेव्हा असं करा, कादंबरी लिहा. बाईचं नाव बदला, मेंढरं ठेवा. कादंबरीत सगळे विश्वास ठेवतील.

"आन् मेंढरं काढून खऱ्याचं केलं तर?"

"मग त्यात फार काही उरत नाही, बापूसाहेब," त्या म्हणाल्या. "ताप आला, बाई गेली."

ते पण एकच वाक्य होतं. मी नाही म्हणालो आणि पट्टा चढवला.

मंगल म्हणाली, "काढा की मेंढरं. पुस्तक तरी होईल." मी काढून बघितली. रोज दुपारी दळण संपलं की लिहायला बसायचो आणि तिथवर आलो की हात थांबायचा. कारण मेंढरं काढली की त्या रानात कौसा वहिनीसाठी कुणीच थांबलेलं उरत नव्हतं. ट्रॅक्टर चालू होता, रस्त्यानं गाड्या जात होत्या, मालकाची माणसं पलीकडं गहू काढत होती. जगात त्या दुपारी थांबली ती तेवढीच. त्यांना काढून टाकून खरं करायचं, म्हणजे खरं काय राहिलं? आणि कादंबरी मी तिची करणार नव्हतो. मी जन्मभर ज्या पोत्यातून थापा काढल्या, त्याच पोत्यात तिला घालायची? लोक हसले असते. चांगली जमलीय म्हणाले असते.

पुस्तक गेलं, जाऊ दे. मला वर्षभर खात राहिलं ते दादाचं गप्प बसणं. त्यानं एक 'हो' म्हटलं असतं. तेही नको, मान हलवली असती, आमच्या घोडीनं कचेरीत हलवली तशी. सगळ्या जगाला माझं खोटं वाटू दे, मीच तशी सवय लावलीय आणि तिच्यावर माझी गिरणी चाललीय. पण दादाला? बायकोच्या मरणावर भावानं थाप रचली आणि ती पाहुणीला हुरड्याबरोबर खाऊ घातली, असं तो वर्षभर मनात धरून आमच्याकडं जेवतोय का? ताट घासून पालथं घालतोय ते म्हणून का? विचारायचं धाडस होत नव्हतं. गिरणीत मी याहून मोठ्या गोष्टी ओरडून सांगतो. ही तोंडाशी यायची आणि मी मुंग्यांचं काहीतरी सांगायचो.

परवा आगटी लावली. यंदाची पहिली. पाहुणे नाहीत, मंगल घरी, आम्ही दोघंच. पलीकडच्या पडीक रानात मेंढरं चरत होती, माना खाली. ऊन्ह पाठीवर आलं होतं. डबे वाजत होते. दादानं कणसं लावली, मी चटणीची पुडी सोडली, आणि ते तोंडातून निघूनच गेलं.

"दादा, त्या दिशी मॅडमनं इचारलं तवा तू गप कावून बसलास?"

"काय इचारलं?"

"मेंढरांचं. हरभऱ्याच्या रानातलं. उभी ऱ्हायली हुती का न्हाई?"

त्यानं एक कणीस काढलं, तळहातावर चोळलं, फुंकर मारली आणि दाणे माझ्या हातावर ठेवले.

"तू म्हंतूस तर ऱ्हायली असतील."

"असतील म्हंजे?" माझा आवाज चढला. "तू तिथंच हुतास. मान वळवली असतीस तर दिसलं असतं. हो म्हनायला तुजं काय जात हुतं?"

दादानं दुसरं कणीस राखेत सरकवलं.

"म्या न्हाई बघितली मेंढरं," तो म्हणाला. "म्या तिच्याकडं बघत हुतो."